कपाटाला कुलूप, म्हणून शेरा उत्तम?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी विहारातून घरी आलो, तर आमच्या वस्तीतल्या एक ताई दारात वाट पाहत उभ्या होत्या. हातात लांबट लिफाफा, चेहरा उतरलेला. ताई एका अनुदानित शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहेत. धुणीभांडी करून आईने शिकविले, ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केला आणि नोकरीला लागल्या. वस्तीतल्या दहा घरांना त्यांचा अभिमान आहे.

"दादा, तुम्ही ऑफिसात असली पत्रं रोज हाताळता. हे जरा वाचा. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

पत्र चार ओळींचे होते. गोपनीय अहवालात आपल्याबाबत प्रतिकूल शेरा नोंदविण्यात आला आहे, अशी सुरुवात. पुढे शेरा : ग्रंथालयातील ९ पुस्तके गहाळ. कामात निष्काळजीपणा. अध्यापनात सहभाग नाही. प्रतवारी : साधारण.

मी बी.कॉम. होऊन कारकून झालो त्याला वीस वर्षे झाली. त्यातली बरीच वर्षे आस्थापना शाखेत गेली. गोपनीय अहवालांचे गठ्ठे बांधणे, मोहोरबंद करणे, पुढे पाठविणे हे माझे काम. त्यामुळे एक गोष्ट मला चांगली ठाऊक आहे. पगारवाढ, बढती, नोकरीत कायम होणे या सर्वांच्या पायाशी हा चार ओळींचा कागद असतो. माणूस वर्षभर राबतो आणि त्याचे मोल एका दुपारी पंधरा मिनिटांत ठरते. तेही बहुधा दुसऱ्याच कामासाठी छापलेल्या फॉर्मवर.

मी ताईंना विचारले, "वर्षात किती पुस्तके मुलांना दिलीत?"

त्यांनी पिशवीतून शाळकरी वही काढली. दर महिन्याची देवघेव त्यांनी स्वतःसाठी टिपून ठेवली होती. बेरीज केली. २,६०० निघाली.

"आणि तुमच्या आधी?"

"आधी कपाटांना कुलूप असायचं, दादा. वर्षाला दोनेकशे पुस्तकं बाहेर जायची, तीही बहुतेक शिक्षकांकडे. पण पुस्तक एकही हरवत नव्हतं. त्या बाईंना दरवर्षी 'उत्तम' मिळायचं."

वाचकहो, या लेखाचा सगळा विषय ताईंच्या या उत्तरात आला.

जे मोजाल तेच घडेल

घरातली बाई किती कपबश्या फोडते एवढेच पाहून तिची परीक्षा करायची ठरविली, तर ती काय करील? कपबश्या माळ्यावर ठेवील आणि आल्यागेल्याला चहा विचारणारच नाही. एकही कप फुटणार नाही हे खरे, परंतु त्या घराला कोणी आतिथ्याचे घर म्हणणार नाही.

शाळेच्या ग्रंथालयाचे नेमके तसेच आहे. 'किती पुस्तके हरवली?' हा एकच प्रश्न विचारला, तर ग्रंथपाल कपाट बंद ठेवण्यातच शहाणपण मानील. तो वाईट माणूस असतो म्हणून नव्हे. बंद कपाटाला शाबासकी आणि उघड्या कपाटाला ठपका, असा हिशेब आपणच त्याच्यापुढे मांडलेला असतो.

या कुलपाची किंमत कोण मोजते? ज्यांच्या घरी पुस्तकांची मांडणी आहे, बाप वाढदिवसाला पुस्तक आणतो, त्या मुलांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या, पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक घरात नसलेल्या मुलांचे. म्हणजे आपल्या मुलांचे. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी, ही गोष्ट आपण दरवर्षी जयंतीला अभिमानाने ऐकतो. मात्र आपल्या मुलाच्या शाळेतले कपाट उघडे असते की बंद, याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात?

पूर्वी युरोपात ग्रंथालयातील पुस्तके साखळीने मेजाला बांधून ठेवीत असत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम पुस्तकांच्या वापराविषयी आहे, जपणुकीविषयी नाही. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आपण साजरे करतो. त्या दिवशी पुस्तके टेबलावर मांडून फोटो निघतात. गोपनीय अहवाल लिहिताना मात्र रंगनाथन कोणाला आठवत नाहीत.

हरवण्याचाही एक हिशेब असतो

पुस्तके हरवली तर काहीच बोलू नये असे माझे म्हणणे नाही. सार्वजनिक पैशातून आलेली वस्तू आहे, हिशेब द्यावाच लागतो. पण हिशेब म्हटला की तो पुरा मांडला पाहिजे. वापर किती झाला हे न सांगता नुसता तोटा सांगणे म्हणजे विक्रीचा आकडा झाकून फक्त खर्च दाखविणे होय. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही असा ताळेबंद लिहिणार नाही.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमावलीत, म्हणजे २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये, ग्रंथालयातील पुस्तकांच्या पडताळणीसंबंधी २१५ क्रमांकाचा नियम आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या किंवा संदर्भासाठी पाहिलेल्या दर हजार पुस्तकांमागे ५ पुस्तके गहाळ होणे वाजवी मानता येईल, असे त्यात म्हटले आहे. अट अशी की, हे नुकसान अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेले नसावे. १,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीचे किंवा दुर्मीळ पुस्तक गेले, तर मात्र चौकशी झालीच पाहिजे.

हा नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहे, आपल्या अनुदानित शाळांना तो आपोआप लागू होत नाही. पण काटा म्हणून तो उत्तम आहे. त्या काट्यावर ताईंचे काम तोलून पाहा. देवघेव २,६००. हजारी ५ प्रमाणे वाजवी मर्यादा १३. गहाळ ९. म्हणजे ज्या बाबतीत 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला, त्याच बाबतीत त्यांचे काम मर्यादेच्या आत होते.

ही आकडेमोड करायला मला पाच मिनिटे लागली. शेरा लिहिण्यापूर्वी ती पाच मिनिटे कोणी खर्च केली असती, तर एका घराची झोप उडाली नसती.

शिक्षकाचा फॉर्म, ग्रंथपालाचे काम

शेऱ्यातला दुसरा भाग होता, 'अध्यापनात सहभाग नाही'. आपल्याकडे शाळेचा ग्रंथपाल शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत मोजला जातो. ताईंच्या शाळेच्या वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिकाच नव्हती. जी तासिका दिलीच नाही, ती घेतली नाही म्हणून उणे गुण. अहवालाचा फॉर्म शिक्षकासाठी छापलेला होता, त्यात वर्गाध्यापन, निकालाची टक्केवारी असे रकाने होते. ग्रंथपालाचा रकाना रिकामा राहिला आणि रिकामा रकाना कमीपणा ठरला.

हे दुखणे फक्त आपलेच नाही. अमेरिकेतही शिक्षकांसाठी केलेल्या तक्त्यांवर शालेय ग्रंथपालांना तोलण्याचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा तेथील शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने २०१२ साली ग्रंथपालांच्या मूल्यमापनासाठी स्वतंत्र कार्यपुस्तिका काढली. आपली परिस्थिती निराळी आहे, त्यांचा तक्ता उचलून येथे चिकटविता येणार नाही. पण ज्याचे काम वेगळे त्याचे माप वेगळे, एवढे तत्त्व घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तके असावीत असे लिहिले आहे. पण ते ग्रंथालय चालविणाऱ्या ग्रंथपालाचा त्या अनुसूचीत उल्लेख नाही. कपाट आले, किल्ली कोणाच्या हाती ते आले नाही. ग्रंथपालाचे काम कागदावर दिसेल असे मोजणे म्हणूनच जास्त गरजेचे आहे. जे काम कोठेच नोंदले जात नाही, त्या कामाची जागा भरायचीच कशाला, असे उद्या कोणीही म्हणेल.

बंद लिफाफ्यात काय दडते?

अहवाल गोपनीय असतो, तो का? लिहिणाऱ्याने निर्भीडपणे लिहावे, असा मूळ हेतू. पण बंद लिफाफ्यात निर्भीड मताबरोबर मनातली अढीही बसू शकते. कोणाचे आडनाव खुपते, कोणाचे वागणे 'जरा जास्तच ताठ' वाटते, कोणी संघटनेत पुढे असतो. त्याचा उल्लेख कागदावर कधीच नसतो. कागदावर फक्त 'साधारण' असते. मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या बढतीच्या वेळी असे 'साधारण' कसे आडवे येते, हे आपल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

यावर कायद्याने काही दारे उघडली आहेत. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली आहे. नियमावलीतला १५ वा नियम गोपनीय अहवालांचा. अहवाल लिहिला नाही किंवा प्रतिकूल शेरा ठरलेल्या मुदतीत कर्मचाऱ्याला कळविला नाही, तर त्या काळातले त्याचे काम समाधानकारक होते असे धरावे लागते, असे तो नियम सांगतो. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती झाली किंवा बढतीत डावलले गेले, तर शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. अशा वेळी हे जुने शेरेच पुरावा म्हणून बाहेर काढले जातात. म्हणून शेरा आला त्याच वर्षी उत्तर दिलेले बरे.

सरकारी नोकरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. देव दत्त हे सीमा रस्ते संघटनेतले अभियंता. बढतीसाठी पाच वर्षे 'अतिउत्तम' शेरा हवा होता. १९९३-९४ या एकाच वर्षी त्यांना 'चांगला' शेरा मिळाला होता आणि तो त्यांना कळविलाच नव्हता. 'चांगला' हा काही वाईट शब्द नव्हे, पण त्याच शब्दाने त्यांची बढती अडली आणि त्यांचे कनिष्ठ पुढे गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शेरा बरा असो वा वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळविली पाहिजे. २०१३ साली सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच कायम केले. खाजगी शाळांची नियमावली वेगळी असली, तरी न्यायाचा विचार एकच आहे. माझ्याविषयी काय लिहिले ते मला कळले पाहिजे आणि त्यावर उत्तर देण्याची संधी मला मिळाली पाहिजे.

मग न्याय्य अहवाल कसा असावा?

ताई, मी आणि आमच्या भागातले दोन निवृत्त शिक्षक अशा चौघांनी तीन रविवार बसून एक कच्चा नमुना तयार केला. तो परिपूर्ण आहे असा आमचा दावा नाही. पण बोलायला काहीतरी हाती हवे म्हणून येथे देतो.

आरंभी शाळेने काय दिले ते लिहावे. पुस्तके किती, वर्षात खरेदीला पैसे किती, जागा किती, ग्रंथपालाचे तास किती, त्यातले ग्रंथालयाचे किती आणि फी गोळा करणे, बदली तासिका, टंकलेखन यात गेलेले किती. अर्धवेळ ग्रंथपालाकडून पूर्णवेळाचे काम मागायचे आणि ते झाले नाही म्हणून ठपका ठेवायचा, हे या एका रकान्याने थांबेल.

त्यानंतर कामाचे १०० गुण पाच भागांत :

१) पुस्तके मुलांच्या हाती जाणे – ३० गुण. देवघेव किती, किती मुलांनी वर्षात एकदा तरी पुस्तक नेले, कपाट आठवड्यात किती दिवस उघडे होते.

२) नोंदी व निगा – २० गुण. दाखलनोंद वही, देवघेव वही, वार्षिक पडताळणी, फाटक्या पुस्तकांची बांधणी. गहाळ पुस्तकांचा विचार येथेच, तोही देवघेवीच्या प्रमाणात.

३) मुलांना शोधायला शिकविणे – २० गुण. शब्दकोश कसा पाहावा, अनुक्रमणिका कशी वाचावी, नकाशात गाव कसे शोधावे. यासाठी वेळापत्रकात तासिका नसेल, तर हे गुण ग्रंथपालाचे कापू नयेत, बाकीच्या ८० गुणांवर प्रतवारी काढावी.

४) शिक्षकांना साहाय्य – १५ गुण. प्रकल्प, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन यांसाठी पुस्तके काढून देणे.

५) मागे राहणाऱ्या मुलांकडे लक्ष – १५ गुण. जी मुले ग्रंथालयाच्या दाराशी येत नाहीत, त्यांच्यासाठी काय केले.

आकड्यांवर मात्र आंधळा भरवसा ठेवू नये. देवघेव वाढविण्यासाठी वहीत खोट्या नोंदी करणे अवघड नाही. उलट, मधल्या सुट्टीत रोज येऊन कोपऱ्यात बसून वाचणारी मुलगी कोणत्याच वहीत दिसत नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी वर्षातून दोनदा तरी ग्रंथालयात अर्धा तास बसावे. हजेरीपटावरची कोणतीही दहा नावे काढावीत, मागच्या बाकावरची सुद्धा, आणि त्या मुलांना विचारावे, शेवटचे पुस्तक कोणते नेलेस, त्यात काय होते? दहा मुलांची उत्तरे वहीपेक्षा जास्त सांगतील.

पद्धतीबद्दल चार गोष्टी. जूनमध्येच ग्रंथपालाला सांगावे की वर्षअखेर काय पाहिले जाईल. ग्रंथपालाने स्वतःच्या कामाचे एक पान स्वतः लिहून द्यावे आणि ते अहवालाला जोडावे. उणीव दिसली तर ती त्याच वेळी सांगावी, मार्चपर्यंत साठवून ठेवू नये. आणि शेवटचा शेरा, मग तो कोणताही असो, दाखवून उत्तर घ्यावे.

मुख्याध्यापकांची बाजू

एक बाजू मांडून दुसरी झाकणे हे आपल्याला शोभणारे नाही. मुख्याध्यापकांवर कामाचा डोंगर असतो. तपासणीला येणारा अधिकारी आधी पुस्तकांची मोजदाद विचारतो, वाचणारी मुले किती हे क्वचितच विचारतो. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर उत्तर त्यांना द्यावे लागते. म्हणजे मुख्याध्यापकांचे मोजमापही त्याच चुकीच्या काट्यावर होते. ते भीतीपोटी तो काटा खाली सरकवितात. म्हणून ही मागणी एका मुख्याध्यापकाविरुद्ध नाही. काटा बदला, अशी ती मागणी आहे. ग्रंथपालांमध्येही काही कामचुकार असतात, हेही कबूल केले पाहिजे. न्याय्य अहवालात ते उघडे पडतील. आज कुलूप लावून बसणारा 'उत्तम' ठरतो, तो तसा ठरणार नाही.

ताईंचे पुढे काय झाले?

आम्ही एक पानाचे निवेदन लिहिले. त्यात राग नव्हता, आरोप नव्हता. २,६०० देवघेव, आधीच्या वर्षीची देवघेव, गहाळ ९, केंद्राच्या नियमाचा काटा, तासिका न मिळाल्याची वस्तुस्थिती, एवढेच. ताईंनी ते दोन प्रतींत दिले आणि एका प्रतीवर पोच घेतली. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावले. पहिल्यांदाच कोणी त्यांची वही पाहिली. 'निष्काळजीपणा' हा शब्द वगळण्यात आला. प्रतवारी मात्र 'साधारण'च राहिली. पूर्ण न्याय मिळाला असे मी म्हणणार नाही. पण यंदा वेळापत्रकात आठवड्याला दोन ग्रंथालय तासिका आल्या आहेत आणि ताईंची वही आता शाळेच्या शिक्क्याची झाली आहे.

मला सर्वांत भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. पत्र आले त्या रविवारी ताई जाताना म्हणाल्या होत्या, "दादा, मीही लावू का कुलूप? निदान झोप तरी लागेल." त्यांनी ते लावले असते, तर त्या शाळेतल्या शेकडो मुलांचे नुकसान कोणत्या अहवालात नोंदले गेले असते?

आपल्या समाजातले अनेक मुलगे-मुली शाळांतून ग्रंथपाल, लिपिक, प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करतात. त्यांना माझे सांगणे आहे. आपल्या कामाची नोंद तारीखवार ठेवा. वही दहा रुपयांची असली तरी चालेल. प्रतिकूल शेरा आला तर रडत बसू नका आणि भांडायलाही धावू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या, प्रत जपून ठेवा.

आणि आईवडिलांना सांगणे असे. पुढच्या पालकसभेत फी आणि गणवेश यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : ग्रंथालयाचे कपाट कोणत्या दिवशी उघडते? आज संध्याकाळी मुलगा किंवा मुलगी घरी आली की दप्तर उघडून पाहा. त्यात शाळेच्या शिक्क्याचे, थोडे मळलेले, कोपरे दुमडलेले एखादे गोष्टीचे पुस्तक निघाले, तर समजा, त्या शाळेत कोणीतरी आपले काम नीट करीत आहे. एकदा शाळेत जाऊन तसे त्यांना सांगून या. आणि निघाले नाही, तर पालकसभेपर्यंत थांबू नका. सोमवारीच जाऊन विचारा.